टिंकर्स रनचा हिरवा चौकोन

रेडिओवर शिवी द्यायला मनाई आहे, म्हणून पॉलीन हुडाक आधी बटण सोडायची आणि मग शिवी हासडायची. टिंकर्स रनच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाची ती चीफ. वय एकसष्ट, पोटापाण्यासाठी शाळेची बस चालवायची, आणि दरारा असा, की तिनं आरशातून नुसतं पाहिलं तरी मागच्या बाकावरची कार्टी हाताची घडी घालून बसायची. अशा बाईला एक काळं, वीतभर उंचीचं डबडं गेली काही वर्षं जुमानत नव्हतं.

डबडं म्हणजे राज्यानं दिलेला नवा रेडिओ. साठ कोटी डॉलर खर्चून राज्यानं पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन, सगळ्यांना एका जाळ्यात आणलं होतं. संकटाच्या वेळी राज्याच्या या टोकाच्या माणसानं त्या टोकाच्या माणसाशी शेजारी बसल्यासारखं बोलावं, अशी योजना. उद्घाटनाला तसे बोललेही. एका कोपऱ्यातल्या शेरीफनं दुसऱ्या कोपऱ्यातल्या शेरीफला "तुमच्याकडे हवा कशी काय?" असं विचारलं आणि टाळ्या पडल्या. पॉलीनला त्या कोपऱ्यातल्या शेरीफशी काडीचंही बोलायचं नव्हतं. तिला टिंकर्स रनच्या घळीत उभं राहून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नियंत्रण कक्षाला "पाण्याची आणखी एक गाडी पाठवा" एवढंच सांगायचं होतं. नेमकं तेवढंच होत नव्हतं. बटण दाबलं की डबडं म्हणायचं, भोंक.

भोंक म्हणजे टॉवर सापडला नाही. दोन डोंगरांच्या बेचक्यातली ती घळ, ओढ्याच्या कडेनं जाणारा एकच रस्ता, आणि नव्या रेडिओच्या लहरी डोंगराला धडकल्या की तिथंच माना टाकायच्या. जुना रेडिओ खरखरायचा, मध्येच त्यात कुठल्या तरी परक्या राज्यातला ट्रकवाला बोलायचा, पण त्याचा आवाज कसाबसा डोंगराला वळसा घालून पोचायचा. नवा आल्यावर काउंटीनं तो भंगारात घातला.

घळीतली माणसं मात्र चटकन शिकली. घळीच्या मध्यावर, ओढा वळतो तिथं, सेंट निकोलस चर्चची दफनभूमी एका चढावर आहे. तेवढ्या एका जागी डबडं बोलायचं. मोबाईलही तिथंच चालायचे. त्यामुळे डॉक्टरची वेळ घ्यायची असो की रुसलेल्या पोरीची मनधरणी करायची असो, जो तो गाडी काढून चढावर जायचा आणि आपल्याच आजोबा-पणजोबांच्या थडग्यांसमोर उभा राहून बोलायचा. आधी चढ, मग बोल, हे अंगवळणी पडलं. इतकं की पॉलीनचा नवरा रे एकदा शहरात भर चौकात फोन लावायच्या आधी उंचवटा शोधत होता.

पॉलीन दलात आली ती स्वयंपाकघरातून. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी दलाच्या हॉलमध्ये पिरोगी विकतात. बटाटा आणि चीजचं सारण भरायचं, कडा चिमटायच्या, उकडायचं, लोण्यात कांद्याबरोबर परतायचं. गाडीचं डिझेल, पाण्याचे पाइप, बूट, सगळं त्या पिरोग्यांतून येतं. बायका चिमटे घ्यायच्या, पुरुष बाहेर बिअर पीत आगीच्या गप्पा मारायचे. घळीतली कोळशाची खाण बंद पडल्यावर पुरुष लांब महामार्गाजवळच्या गोदामांत कामाला जायला लागले, आणि एका शुक्रवारी दुपारी आगीचा भोंगा वाजला तेव्हा हॉलमध्ये एकही पुरुष नव्हता. पॉलीननं ॲप्रन न काढताच बंबाचं चाक हातात घेतलं. कोपरापर्यंत पीठ लागलेल्या चार बायकांनी एक गोठा वाचवला. संध्याकाळी पुरुष आले आणि म्हणाले, "पॉलीन, आग विझवलीस की मळलीस?" ती म्हणाली, "पुढच्या वेळी तुमच्यासाठी थोडी शिल्लक ठेवते." पुढं कुणालाच चीफ व्हायचं नव्हतं, कारण त्यात नुसते कागद आणि बोलणी, म्हणून ती झाली.

तिचा धाकटा भाऊ एमिल कोवाल्चिक हा दलातला सगळ्यात चांगला माणूस. घाबरत नसे आणि फुशारकीही मारत नसे. नवा रेडिओ आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात घळीत एक घर पेटलं. एमिल आत गेला, पायाखालची फळी गेली, आणि तो तळघरात पडला. त्यानं बटण दाबलं. भोंक. पुन्हा दाबलं. भोंक. बाहेर दहा पावलांवर पॉलीनच्या हातात तसंच डबडं होतं आणि ते मुकं होतं. एमिल किती वेळ आत आहे हे जेव्हा तिच्या लक्षात आलं तेव्हा त्याच्या मुखवट्यातली हवा संपून गेली होती. बाहेर काढला तेव्हा जिवंत होता, पण फुप्फुसं अर्धी करपली होती. त्यानंतर जिना चढला तरी त्याला मध्येच थांबून कठडा धरावा लागे.

या सगळ्यातून दलाला एक गोष्ट कळली, जी आधी कुणीच सांगितली नव्हती. डबड्याच्या डोक्यावरची खुंटी फिरवली की ते टॉवरचा नाद सोडून जवळच्या डबड्याशी थेट बोलतं. मग एमिलनंच तोडगा काढला. आगीचा भोंगा वाजला की तो आपला पिकअप ट्रक घेऊन दफनभूमीच्या चढावर जाऊन बसायचा. एक डबडं खालच्या पॉलीनसाठी, गाडीतला रेडिओ काउंटीसाठी, आणि कॉफीचा थर्मास स्वतःसाठी. पॉलीन खालून सांगायची, तो वरून पोचवायचा. लोक त्याला टॉवर म्हणायला लागले. "काय टॉवर, गंज धरला की काय?" असं दुकानात कुणी विचारलं की तो मनापासून हसायचा. आग विझवणं हातचं गेल्यावर त्याला पुन्हा काहीतरी काम मिळालं होतं.

पॉलीनला मात्र ते बघवत नसे. बाहेर बर्फ, ट्रकची खिडकी उघडी ठेवल्याशिवाय आवाज नीट यायचा नाही, आणि आत खोकत बसलेला भाऊ. एका हिवाळ्यात तो न्यूमोनियानं पडला तेव्हा चढावर बसायला कुणी उरलं नाही, आणि ते तीन आठवडे तिनं भोंगा वाजू नये म्हणून देवाला मेणबत्त्या लावल्या. साठ कोटी डॉलर खर्च झाले होते आणि टिंकर्स रनचा टॉवर खोकत होता.

तिला एक खरा टॉवर हवा होता. लोखंडाचा. राज्याच्या त्या योजनेत, जिथं आवाज पोचत नाही अशा जागांसाठी शेवटचे काही टॉवर बांधायचे पैसे उरले होते. जूनअखेर ते वाटून संपणार आणि मग योजनेची फाइल कायमची बंद. ती काउंटीच्या बैठकांना जाऊन बसायला लागली. पोलिसांच्या गाड्या आणि कुत्र्यांचे परवाने संपेपर्यंत वाट बघायची, मग तिला बोलायला मिळायचं, आणि उत्तर ठरलेलं, "विचार करू, पॉलीन." तिला पार वाटाण्याच्या अक्षता. शेवटी ती बसवर बदली चालक ठेवून थेट राजधानीत गेली.

तिथल्या रेडिओ कार्यालयात तिला क्रेग लिंडनमथ नावाचा इंजिनिअर भेटला. गोरापान, मवाळ, ताटकळत न ठेवणारा. तिनं भांडायची सगळी तयारी केली होती आणि त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, एमिलची हकिगत नीट ऐकून घेतली. त्यामुळे तिची जरा पंचाईतच झाली.

"मी तुम्हाला टॉवर देऊ शकत नाही, चीफ," तो म्हणाला. "पण चाचणी देऊ शकतो. आम्ही सगळ्या राज्याचे चौकोन पाडलेत. आमची गाडी तुमच्या चौकोनात येईल, रेडिओवर बोलून बघेल. आवाज पोचला नाही तर चौकोन लाल. लाल चौकोनांना टॉवर मिळतात."

"मग आमचा लालच लाल!" पॉलीन म्हणाली. "टोमॅटोसारखा लाल! तुम्ही या फक्त."

परतीच्या वाटेवर ती गाडीत गात होती, असं रे अजून सांगतो.

मार्चमध्ये चाचणीची गाडी आली, आणि नेमका त्याच दिवशी शाळेला बदली चालक मिळाला नाही. पोरांना रस्त्यावर उभं ठेवून कसं चालेल? तिनं एमिलला सांगितलं, "तू जा त्यांच्याबरोबर. रस्ते दाखव. आणि काही खायला घाल बाबा, चांगली माणसं आहेत." एमिलनं दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला, हॉलमधून डबा भरून पिरोगी घेतले. दुपारी तिची बस चर्चजवळून जाताना तिला समोरून चाचणीची पांढरी गाडी येताना दिसली. लिंडनमथनं काच खाली करून हात केला. पुढं चालकाशेजारी एमिल ताठ बसला होता, मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा. पॉलीननं बसचा हॉर्न वाजवला आणि बसमधल्या पोरांनी उगीचच जल्लोष केला.

पंधरा दिवसांनी नकाशा आला. टिंकर्स रनची घळ अख्खी एकाच चौकोनात बसत होती, आणि तो चौकोन हिरवागार होता.

पॉलीननं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. कागद उलटा धरलाय का हेही बघितलं. मग तडक एमिलच्या घरी गेली. तो ओट्याशी उभा राहून सूप ढवळत होता.

"एमिल, चाचणीच्या दिवशी गाडी कुठं उभी केलीत?"

"कुठं म्हणजे?"

"म्हणजे बोलायला! रेडिओवर बोलायला त्यांना कुठं थांबवलंस?"

एमिलला प्रश्नच कळेना. "चढावर," तो म्हणाला. "दफनभूमीपाशी."

"का?"

"का म्हणजे काय? ते म्हणाले, सोयीची जागा बघून थांबवा, आम्हाला बोलायचंय. आता बोलायचं म्हटल्यावर माणूस कुठं..." आणि तिथं त्याची जीभ थांबली. हातातला डाव तसाच राहिला, सूप उतू जायला लागलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण पॉलीननं तो बघितला नाही, कारण तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"सहा वर्षं!" ती ओरडली. "सहा वर्षं मी त्या टोणग्यांच्या दारात उभी राहतेय, आणि तू त्यांना अख्ख्या घळीतल्या त्या एकाच जागी नेऊन उभं केलंस! वर पिरोगी चारलेस! त्या तळघरात फुप्फुसाबरोबर तुझं डोकंही जळलं का रे?"

एमिलनं गॅस बंद केला आणि ओटा पुसत राहिला. पॉलीन घरी आली, आणि मग रात्रभर तिला तो ओटा पुसणारा हात दिसत राहिला. त्याच्या जागी घळीतलं कुणीही असतं तरी चढावरच गेलं असतं. ती स्वतःही गेली असती. हे तिला माहीत होतं, आणि म्हणून तर ती एवढी चिडली होती.

तिनं लिंडनमथला फोन लावला. अर्थात चढावर जाऊन.

"चीफ, मला वाईट वाटतं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण नियमात चौकोनात कुठंही थांबता येतं. आवाज पोचला. चाचणी पास आहे. पुन्हा घ्यायची तर तिचा खर्च काउंटीनं द्यायचा."

"काउंटी रस्त्यावरचे खड्डे बुजवत नाही! मी काय पिरोगी विकून तुमची चाचणी करू?"

"आणखी एक अडचण आहे. मी तुमच्या घळीतून लागलेल्या मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या रेडिओ हाकांची नोंद काढली. एकही हाक अयशस्वी नाही."

"अहो, जी हाक तुमच्यापर्यंत पोचलीच नाही, ती तुमच्या नोंदीत कशी येईल?"

"हो," लिंडनमथ म्हणाला. "ते बरोबर आहे."

"मग?"

"मग बरोबर आहे, एवढंच. यंत्राला पोचलेलंच कळतं. आणि तुमचा भाऊ सगळं पोचवतो."

पॉलीननं फोन कानापासून लांब धरला, समोरच्या थडग्यांकडं पाहून जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि परत कानाला लावला. लिंडनमथ अजून होता. तो जरा चाचरत म्हणाला, की एक वाट आहे. एखाद्या खऱ्या घटनेत, चीफ जागेवर पोचायची वेळ झाल्यावर दहा मिनिटं तिचा आवाजच आला नाही, तर काउंटीच्या नियंत्रण कक्षाला 'संपर्क तुटला' अशी नोंद करावी लागते आणि शेजारच्या दलाला आपणहून पाठवावं लागतं. अशी एक नोंद, फक्त एक, त्याच्या टेबलावर आली तर तो हिरवा चौकोन स्वतःच्या सहीनं लाल करू शकतो. "पण मी तुम्हाला काही करा असं सांगत नाहीये," तो घाईनं म्हणाला.

"नाही, नाही," पॉलीन म्हणाली. "तुम्ही कुठं काय सांगितलंत."

त्या शुक्रवारी हॉलमध्ये पिरोग्यांच्या कडा चिमटताना तिनं एमिलला शेजारी बसवून घेतलं. माफी मागणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं त्याच्यापुढं पहिली गरम ताटली सरकवली, ती त्यानं समजून घेतली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आता पहिला जो बारका भोंगा वाजेल ना, कचऱ्याबिचऱ्याचा, त्याला तू वर जायचं नाहीस."

एमिलचा चेहरा उतरला. "का?"

तिनं सांगितलं. तो ऐकत खात राहिला.

"आणि बारका म्हणता म्हणता मोठा निघाला तर?"

"दहा मिनिटांनी शेजारचं दल येतंच आहे. मी बघीन ना! तू घरी बसून टीव्ही बघ."

"मला टीव्ही आवडत नाही," एमिल म्हणाला.

एप्रिलमध्ये घळीतला पाचोळा सुकून कुरकुरीत होतो आणि पानं फुटलेली नसतात, त्यामुळे ऊन थेट जमिनीवर येतं. आणि दर एप्रिलमध्ये कुणीतरी वाऱ्याच्या दिवशीच पिंपात कचरा जाळतं. या वेळी ती टेक्ला याचेक होती, वय सत्त्याऐंशी, हिला दरवर्षी दोनदा सांगून झालेलं. पॉलीन मुलांना शाळेत सोडून नुकती दलाच्या स्टेशनवर आली होती, तेवढ्यात भोंगा वाजला. बंब घेऊन ती आणि दोघंजण निघाले. स्टेशन घळीच्या तोंडाशी आहे, तिथून निघताना रेडिओ लागला. नियंत्रण कक्षातली शॅनन म्हणाली, "पोचल्यावर कळवा, चीफ." पॉलीन म्हणाली, "कळवते." चर्चजवळून जाताना तिनं चढाकडं पाहिलं. एमिलचा ट्रक नव्हता. भोंगा वाजल्यावर ती जागा रिकामी, असं सहा वर्षांत पहिल्यांदाच झालं होतं.

याचेकबाईच्या परसामागचं गवत पेटलं होतं, आग टेकडीच्या दिशेनं सरकत होती. फार नव्हती. दोघं पाठीवर पाण्याच्या पिशव्या घेऊन भिडले. पॉलीननं शॅननला पोचल्याचं कळवायला बटण दाबलं. भोंक. आयुष्यात पहिल्यांदा तिला तो आवाज ऐकून बरं वाटलं. तिनं घड्याळ पाहिलं.

"मी कोंबडीचं खुराडं हलवू का?" याचेकबाईनं विचारलं.

"तुम्ही काही करू नका! तुम्ही ते पिंप पेटवलंत म्हणून तर मी इथं आहे!"

तिनं पुन्हा बटण दाबलं. भोंक. वाऱ्यानं धूर अंगावर आणला, परत नेला. दोघं आगीच्या कडेकडेनं नीट काम करत होते. सगळं बेतानं चाललं होतं. अर्धा वेळ तर झालाच होता. आता शॅनन तिकडं घड्याळाकडं बघत असेल, आता ती हाका मारत असेल, आता टेबलावरचा कागद ओढून घेत असेल, असं पॉलीन मनात म्हणत होती आणि तिच्या ओठांवर हसू येत होतं.

तेवढ्यात धूर जरा बाजूला झाला आणि टेकडीच्या पायथ्याशी तिला एक तिसरा माणूस दिसला. हातात लांब दांड्याचा पंजा, डोक्यावर खाणकामगार संघटनेची तिच्या वडिलांची निळी टोपी. तो पाचोळा ओढून आगीपुढं मोकळी पट्टी करत होता.

"एमिल!" ती ओरडली. "अरे गाढवा! हो बाजूला!"

त्यानं हात हलवला. भोंगा वाजत असताना त्यानं आयुष्यात कधी घरी बसून दाखवलं नव्हतं. चढावर जायला बंदी होती, म्हणून तो खाली आला होता. त्यानं आणखी दोन-तीनदा पंजा ओढला, मग पंजावर रेलून उभा राहिला, मग खाली बसला. पॉलीन पळत पोचेपर्यंत तो दोन्ही हात जमिनीवर टेकून श्वास शोधत होता, आणि तो सापडत नव्हता. ओठ निळे पडायला लागले होते. तिनं त्याला काखेत धरून ओढत बंबापाशी आणलं, बंबातला ऑक्सिजनचा मुखवटा तोंडाला लावला. दोघांतला एक धावत आला. "चीफ, रुग्णवाहिका!" तो म्हणाला.

शेजारचं दल आपणहून येणार होतं, पण ते पाणी घेऊन येणार होतं. रुग्णवाहिका मागवल्याशिवाय येत नाही.

आणि पॉलीननं घड्याळ पाहिलं. हे तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही, रेलाही नाही, पण तिनं ते पाहिलं. फार थोडा वेळ उरला होता. एक सिगरेट ओढून होईल इतकाही नाही.

मग तिनं एमिलच्या खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि रस्त्याकडेला उभा असलेला ट्रक चढाकडं पिटाळला. ओढ्याच्या वळणावर मागचं चाक बाहेर गेलं, परत आलं. वर दफनभूमीच्या फाटकाशी तिनं करकचून ब्रेक मारला आणि त्याच्या रेडिओचं बटण दाबलं. भोंक नाही. स्वच्छ, बासरीसारखी शांतता, आणि मग शॅननचा आवाज, जणू शेजारच्या सीटवर बसलीय.

"बोला चीफ! आत्ता मी तुम्हाला 'संपर्क तुटला'मध्ये टाकणारच होते बघा."

पॉलीननं रुग्णवाहिका मागितली. मग तिनं बटण सोडलं आणि शिवी दिली. या वेळी ती रेडिओला नव्हती.

काउंटीच्या इस्पितळात दुपारी एमिलच्या नाकात नळी होती आणि ओठांचा रंग परत आला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. पॉलीन पलंगाच्या कडेला बसली होती. तिच्या अंगाला धुराचा वास येत होता आणि बसच्या दुपारच्या फेरीला दुसरं कुणीतरी गेलं होतं. एमिलनं डोळे उघडले. बोलायला त्याला कष्ट पडत होते, म्हणून त्यानं एकच प्रश्न विचारला.

"झाली का दहा मिनिटं?"

"नाही," पॉलीन म्हणाली.

"किती राहिली होती?"

"थोडीच."

एमिलनं डोळे मिटले. त्याचा चेहरा पुन्हा तसाच झाला, त्या दिवशी सूप उतू गेलं तेव्हा झाला होता तसा, आणि या वेळी पॉलीननं तो नीट पाहिला.

"थांबायचंस ना गं," तो म्हणाला.

तिला रागानं रडू फुटलं. तिनं त्याची टोपी मांडीवर घेतली आणि तिच्यावरची राख हातानं झाडत बसली, इस्पितळाच्या पांढऱ्या चादरीवर राख पडत होती तरी.

"बरा झालो की मग वर जाऊन बसतो," एमिल म्हणाला. "पण ट्रकच्या खिडकीला एक पडदा शिवून दे मला. वारं फार येतं तिथं."